चाळीस मीटर

रूळ आधी आले. मग खडी.
मग एक पाटी, दोन्ही लिपींत रंगवलेली,
तिच्यावर ट्रामचं चित्र: पिवळी ट्राम,
खिडकीत एक बाई, हात बाहेर.
मी मस्टर लिहिणारा. मला कोण विचारतंय,
पण ती बाई निघालीय कुठं
हे शेवटपर्यंत कळलं नाही.

काम इतकंच: दुसऱ्या गेटापासून चाळीस मीटर
रुळांच्या मधे हरळी लावायची, नमुना म्हणून.
बेंगळूरहून साहेब येतील, बघतील,
हिरवं दिसलं तर पुढचे सहा किलोमीटर.

मातीवरूनच पहिला दिवस गेला.
दस्तगीरनं जांबोटीची तांबडी आणली टिप्परभर.
मडिवाळर म्हणाले, ही पाणी धरत नाही,
बैलहोंगलची काळी आणा.
काळी आली. यल्लुबाईनं मूठभर उचलली,
दाबली, सोडली. बोटांचे वळ तसेच राहिले.
"ही उन्हात भेगाळतीया. दोन्ही कालवा की गा."
खडीवर वीतभर पसरलं ते,
ना तांबडं ना काळं,
चहात बुडवलेल्या खारीसारखं.

हरळी विकत घ्यायची, असं कागदावर होतं.
यल्लुबाई हलग्याहून येताना
बांधावरची पोतंभर उपटून आणायची.
"वीस वर्षं खुरप्यानं हिलाच काढत आले,
आता हिलाच लावायचा पगार!"
हसायची, आणि कांडी तिरकी खोचत जायची,
एक पेर मातीत, एक पेर वर.
मागून फकीरव्वा झारी घेऊन.
ती म्हणायची गरिके.
यल्लुबाई म्हणायची हरळी.
मी लिहायचो: गवत, आज साडेतीन मीटर.

एप्रिलात लोखंड तापलं.
रुळाकडेची ओळ करपायची सगळ्यात आधी.
मग फकीरव्वानं ओली गोणपाटं
रुळांवर अंथरली, तापातल्या पोराच्या कपाळावर
पट्टी ठेवतात तशी. वाफ निघायची.
शेजारून खरी गाडी जायची लोंढ्याकडं,
डब्यातली माणसं वाकून बघायची:
दोन बायका रुळाला पाणी पाजताना.

सतराव्या दिवशी यल्लुबाईनं
एक कांडी हळूच ओढून बघितली.
आली नाही.
"धरलं," ती म्हणाली.
"हिडीतु," फकीरव्वा म्हणाली.
त्या दिवशी दोघींना अर्धा तास आधी सोडलं.
मस्टरवर पूर्ण दिवस.

साहेब आले नाहीत. कागद आला.
ट्राम ज्या खात्यात होती
ते खातंच दुसऱ्या खात्यात गेलं होतं.
काम बंद. सही, शिक्का, चार जणांना प्रत.
पाटीचा पिवळा उडाला,
बाई गेली, हात तेवढा राहिला.

हरळीला प्रत मिळालेली नव्हती.
ती रुळावर चढली, पलीकडे उतरली,
चाळिसाव्या मीटरला थांबायचं असतं
हे तिला माहीत नसावं,
गटाराच्या कडेनं, टपरीच्या बाकाखालून
निघाली आपली.
संध्याकाळी क्लासची पोरं बसतात तिथं.
एक म्हातारा रुळांच्या बरोबर मधोमध
पेपर पसरून शब्दकोडं सोडवतो, पेन नसतानाही.
आणि ओलांडून जाणारा प्रत्येक जण
अजून तिथं येऊन थबकतो,
उजवीकडे बघतो, डावीकडे बघतो,
मगच पाय ठेवतो गवतावर.

मीही.

परवा यल्लुबाई दिसली,
मेथीच्या पेंड्या घेऊन बाजाराला निघालेली.
वाकली, सवयीनं एक कांडी ओढली.
"मस्टरवाले, आली काय हो ट्राम?"
म्हटलं, अजून नाही.
"येऊ दे की निवांत," म्हणाली,
पाटी पाटीखालीच टेकवली,
चपला काढल्या,
आणि पाय लांब करून बसली.